गाडी नेमकी कुठे तापते?

“गाडी गरम होते,” असं म्हणत माणूस गॅरेजमध्ये शिरला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे? बहुतेकांना वाटतं मी इंजिनाचा भाग विचारतोय, आणि ते बॉनेटकडे बोट दाखवतात. मला भाग नको असतो, रस्ता हवा असतो. पनवेलच्या सिग्नलला तापते, की एक्सप्रेस वेवर शंभरच्या स्पीडला? घाट चढताना, की चढून झाल्यावर लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर उभी असताना? एसी चालू होता का? निघाल्याबरोबर काटा चढतो की तासाभराने? आणि चढलेला काटा उतरतो तो कशाने उतरतो?

एवढ्या प्रश्नांनी काही गिऱ्हाइकं वैतागतात. “दादा, तुम्हीच बघा ना काय ते,” म्हणतात. पण बघायचं कुठे हे त्यांच्याच उत्तरावरून ठरतं. उभ्या गाडीच्या रेडिएटरला वारा देणारा फक्त फॅन. तेव्हा ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि रस्ता मोकळा झाला की निवणारी गाडी बहुधा फॅनचं दुखणं घेऊन आलेली असते. मोटर जळालेली, रिले चिकटलेला, फ्यूज गेलेला, सेन्सर खराब, नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली. उलट, गावात दिवसभर शांत आणि हायवेला जोर लावला की तापणारी गाडी असेल तर तिला वारा भरपूर मिळतोय, पाणीच पुरेसं फिरत नाहीये. किंवा फिरतंय, पण रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात. निघाल्यापासून दहा मिनिटांत उकळली तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, नाहीतर पाणीच नसेल. आणि रोज थोडं थोडं पाणी कमी होतंय, खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही, असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते पाणी इंजिन पीत असतं.

माझं गॅरेज खोपोलीत, बोरघाटाच्या पायथ्याशी. एक्सप्रेस वे व्हायच्या आधी मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक आमच्या दारावरून जायची. उन्हाळ्यात घाटात वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या, रस्त्याच्या कडेला पाण्याचे डबे घेऊन बसलेली पोरं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाशी झटापट करणारे ड्रायव्हर हे रोजचं दृश्य. शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून पैसा टाकण्याची पद्धत तेव्हाही होती, अजूनही आहे. ज्याने घाटाची वाट दाखवली तो धनगर, त्याचं ते देऊळ, अशी आमच्याकडची कथा. आमचे उस्ताद म्हणायचे, पैसा जरूर टाक, पण आधी बेल्ट बघ.

बेल्टचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत फॅन वॉटर पंपाच्याच शाफ्टवर बसलेला असे आणि दोन्ही एका बेल्टवर फिरत. इंजिन हळू तर फॅन हळू. ट्रकच्या मागे अडकून गाडी रांगत चढत असली की वारा हवा तेव्हा कमी मिळायचा, आणि बेल्ट ढिला असला तर पाणीही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली ती विजेचा फॅन घेऊन. इंजिनाच्या वेगाशी फॅनचा संबंध तुटला. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की फॅन लागणार, उतरलं की बंद होणार. गाड्या उकळणं त्याने पुष्कळ कमी झालं, पण आम्हा मेकॅनिक लोकांना वायरिंग शिकावं लागलं. तोवर ‘गरम होते’ ही तक्रार पाना आणि पकड यांच्या हद्दीत होती. त्यानंतर खिशात टेस्टर लॅम्प आला.

मुळात इंजिन तापतं यात नवल काहीच नाही. नवल आहे ते वितळत नाही याचं. जळणाऱ्या वायूचं तापमान सिलिंडरमध्ये क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं, आणि पिस्टन ज्याचा बनलाय ते ॲल्युमिनियम ६६० अंशांना पातळ होतं. पेट्रोलमधल्या ताकदीपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाण्याच्या लायकीची होते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेला हिस्सा पाण्याला उचलून न्यावा लागतो. लहान गाडीत हे पाणी असतं चार-पाच लिटर. तेवढंच पाणी पंप फिरवत राहतो: ब्लॉकमधून हेडमध्ये, हेडमधून वरच्या होज पाइपाने रेडिएटरमध्ये, तिथून खालच्या पाइपाने परत पंपाकडे. ही फेरी कुठेही अडली तरी तक्रार एकच येते, गाडी गरम होते. म्हणून दुखणं एकीकडे आणि कण्हणं दुसरीकडे, हा प्रकार या कामात नेहमीचा.

उस्ताद ही फेरी हाताने वाचायचे. इंजिन चालू करून दोन्ही पाइपांवर हात ठेवायचा. वरचा पोळतोय आणि खालचा गार पडलाय, तर एक तर थर्मोस्टॅट उघडला नाही नाहीतर रेडिएटर चोंदला. दोन्ही सारखेच पोळतायत, तर पाणी फिरतंय पण निवत नाही. फॅन बघ, रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघ. मग इंजिन बंद करून, फॅनचा कपलर काढून, जाळीवरून तळवा फिरवायचा. मध्येच गार पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या मेल्या. आता माझ्याकडे तापमान मोजायची गन आहे. करोनात सगळ्यांच्या कपाळावर रोखली जायची तीच जात, फक्त जास्त तापमानाची. तिचं एक सांगून ठेवतो. काळ्या रबरी पाइपावर ती नीट आकडा दाखवते, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवते, कारण चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकतच नाही तितकी. नव्या पोरांना हे माहीत नसतं. गन नव्वद म्हणते म्हणून ते इंजिन ठणठणीत ठरवतात आणि इकडे झाकणाखाली पाणी खदखदत असतं.

आता थर्मोस्टॅटबद्दल, ज्याला आमच्याकडे नुसतं ‘व्हॉल्व’ म्हणतात. आपल्या देशात जितके व्हॉल्व गाड्यांमध्ये आहेत त्याच्यापेक्षा जास्त गॅरेजांच्या भंगारात असतील, असं माझं मत आहे. गाडी तापली की व्हॉल्व काढून टाका, हा सल्ला इतका रुजलाय की गिऱ्हाईक स्वतःच येऊन सांगतं, “व्हॉल्व काढून टाका दादा, आपल्याकडे थंडी कुठे आहे?” व्हॉल्व थंडीसाठी आहे ही समजूत यामागे. व्हॉल्वच्या पोटात मेण असतं. ते ठरावीक तापमानाला वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करतं. किती अंशांना, ते व्हॉल्ववर ठोकलेलं असतं. ८२, ८८ असे आकडे. त्याचं काम इंजिन लवकर तापवणं आणि मग एका तापमानाला धरून ठेवणं. व्हॉल्व काढला की इंजिन साठ-सत्तर अंशांवर घुटमळत राहतं. कंप्युटरला वाटतं गाडी अजून गार आहे, तो डिझेल-पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, आणि ऑइल कधी नीट तापत नाही त्यामुळे सिलिंडरची झीज वाढते. याहून वाईट म्हणजे कित्येक इंजिनांत हाच व्हॉल्व उघडताना मागच्या बाजूने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. म्हणजे गाडी गार राहावी म्हणून केलेला उपाय नेमका चढावर तिला तापवतो.

व्हॉल्व चांगला की वाईट हे कळायला काही लागत नाही. पातेल्यात पाणी घ्या, व्हॉल्व दोऱ्याने लोंबकळत ठेवा म्हणजे तळाला टेकणार नाही, थर्मामीटर बुडवा आणि शेगडी पेटवा. आकड्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं आणि पुढच्या दहाएक अंशांत पूर्ण उघडलं, की तो शहाणा. नाही तर नवा. बाकी वाद घालायचं कारण नाही.

याच संदर्भातली एक गाडी मला नीट आठवते. डिझेल हॅचबॅक, मालक तरुण, रसायनीच्या एमआयडीसीत नोकरीला आणि घर पुण्यात. दर शनिवारी घाट चढायचा. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत बिलांची जुडी होती. दुसऱ्या एका गॅरेजने रेडिएटर नवा घातलेला, वॉटर पंप नवा घातलेला, व्हॉल्व अर्थातच काढलेला. तरी गाडी घाटात तापायचीच. त्याला सांगितलं होतं, आता हेड उतरवावं लागेल.

मी विचारलं, “कुठे?”

पोरगा हुशार होता. त्याने बरोब्बर सांगितलं. सपाटीवर काटा उलट खालीच असतो. पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी राहिली तरी काही नाही. घाट लागला, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढायला लागलं की दोन-तीन वळणांत काटा वर. आणि कडेला घेऊन नुसती आयडलिंगला ठेवली की बघता बघता खाली.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडालेली गाडी इतक्या सहज निवत नाही. एकदा पाण्यात गॅस शिरला, पाणी बाहेर फेकलं गेलं, की ती बिघडतच जाते. इथे पाणी कमी होत नव्हतं. वारा कमी पडत नव्हता, कारण उभ्याने तापत नव्हती. रेडिएटर नवा. मग इंजिनाचे फेरे वाढले की असं काय होत होतं, जे फेरे उतरले की थांबत होतं?

स्कॅनर लावला. गावातून एक चक्कर मारली तर पाणी पासष्ट-सत्तरच्या वर जाईना. म्हणजे सपाटीवर गरजेपेक्षा गार आणि चढावर गरजेपेक्षा गरम. पहिल्या अर्ध्याचं उत्तर व्हॉल्व नसणं हे होतं. दुसऱ्या अर्ध्याचं थोडं उत्तर बायपास. पण तेवढ्याने काटा लालपर्यंत जाईल असं मला पटेना.

मग झाकण काढून टेस्टरवर चढवलं. या झाकणाला लोक झाकणच समजतात, तिथेच फसतात. त्याच्यात स्प्रिंगचा एक व्हॉल्व असतो जो आतलं पाणी दाबाखाली धरतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला असतो, तो दाब. साधं पाणी समुद्रकिनाऱ्यावर १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला १,३५० मीटरवर तेच ९५-९६ अंशांना. पण ०.९चं चांगलं झाकण लावलं की उकळायला एकशेअठरा-एकशेवीसपर्यंत वाट बघावी लागते. इतकी सवलत शे-दोनशे रुपयांच्या झाकणाकडून मिळते. शिवाय त्याच्या पोटात आणखी एक छोटा उलटा व्हॉल्व असतो. इंजिन गार होताना आत ओढ लागते तेव्हा तो उघडून ओव्हरफ्लोच्या बाटलीतलं पाणी परत घेतो. तो चिकटला तर सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो.

या गाडीचं झाकण १.१चं होतं आणि ०.४लाच सोडत होतं. रबर कडक होऊन भेगाळलेलं. नव्या रेडिएटरवर जुनं झाकण घातलं होतं.

झाकण मिळालं म्हणून थांबता आलं असतं. पण कमी दाबाने पाणी लवकर उकळेल, ओव्हरफ्लो होईल, बाटली भरून वाहील. इथे तसं काही दिसत नव्हतं. मग माझ्या डोक्यात खालचा पाइप आला. वॉटर पंप पाणी ढकलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ढकलण्याआधी तो ते खेचतो हे विसरलं जातं. खालचा होज पाइप खेचणाऱ्या बाजूचा. सगळी सिस्टिम दाबाखाली असेल तर ही ओढ पाइपाला जाणवत नाही, आतला दाब त्याला फुगवून ठेवतो. दाबच नसेल आणि पाइप मऊ असेल, तर फेरे वाढल्यावर पंपाची ओढ त्याला आत चेपते. म्हणून अनेक गाड्यांच्या खालच्या पाइपाच्या पोटात स्टीलची स्प्रिंग असते, बाकीच्यांत निदान जाड, कडक पाइप असतो.

गाडी खड्ड्यावर घेतली. गॅरेजमधल्या पोराला आत बसवून सांगितलं, इंजिन चांगलं गरम होऊ दे, मग मी सांगतो तसा ॲक्सिलरेटर दे. मी खाली टॉर्च घेऊन उभा. मालकालाही खाली बोलावलं. आयडलिंगला पाइप गोल गरगरीत. दोन हजार फेऱ्यांना तसाच. तीन हजारांच्या पुढे त्याच्या बाकाच्या आतल्या अंगाला खळगा पडायला लागला. साडेतीन हजारांना दोन्ही भिंती जवळजवळ चिकटल्या. पोराने पाय काढला आणि पाइप पुन्हा गोल. मालक काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “परत एकदा दाखवा.” परत दाखवलं. मग त्याने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. तो त्याने कुणाला पाठवला हे मी विचारलं नाही.

आधीच्या गॅरेजमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथे गाडी उभ्याने आयडलिंगवर तपासली असणार. नव्या पंपाची ओढ जुन्यापेक्षा चांगली, त्यामुळे पंप बदलल्यावर गाडी जास्तच तापायला लागली होती. मालकाने हेही आधी सांगितलं होतं, पण तेव्हा ते कुणी ऐकलं नाही. पाइप काढला तर आत स्प्रिंग नव्हती. कंपनीच्या पाइपात असते. बाजारचा साधा पाइप बसवला होता, मापाला अगदी बरोबर.

कंपनीचा पाइप, नवं झाकण, ८८चा व्हॉल्व आणि कूलंट घालून मी त्याला बाजूला बसवलं आणि घाट चढलो. स्कॅनर डॅशबोर्डवर ठेवलेला. सपाटीला अठ्ठ्याऐंशी-नव्वद. देवळापाशी चौऱ्याण्णव. त्याच्या पुढच्या चढावर मुद्दाम एसी लावून, तिसऱ्यात ओढत नेली, सत्त्याण्णव झाले, फॅन लागला, आकडा खाली आला. खंडाळ्यात चहा प्यायलो. बिल बघून तो म्हणाला, “पाइप आणि झाकणाचे एवढेसे, आणि लेबर त्याच्या दुप्पट?” मी म्हटलं, हो. या बाबतीत मी भाव करत नाही. सुटे भाग बदलणाऱ्याला भागांचे पैसे मिळतात, त्यांची बिलं त्याच्या पिशवीत होतीच.

याच्या अगदी उलट दुसरी गाडी. कर्जतकडच्या एक शिक्षिका, स्वतः चालवत पुण्याला निघालेल्या. घाटात काटा चढला, त्यांनी पाहिला, पुढे थांबायला जागा शोधू लागल्या, तेवढ्यात काटा खाली आला. त्यांना वाटलं, निवली. त्या पुढे गेल्या. दोन-तीन किलोमीटरवर गाडीचा जोर गेला, खडखड वाजली आणि बंद पडली. टोइंग करून माझ्याकडे आणली तेव्हा त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, “काटा तर खालीच होता हो.”

त्या खरंच बोलत होत्या. वरचा पाइप क्लिपेजवळ चिरला होता आणि सगळं पाणी बाहेर गेलं होतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेलं की तो रिकाम्या जागेत लोंबतो आणि भोवतालच्या हवेचं, वाफेचं जे काय असेल ते सांगतो. धातू भाजत असतो आणि काटा उतरत असतो. हे गाडीच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलं पाहिजे असं मला वाटतं, आणि काही गाड्यांत तर हल्ली काटाच नसतो, फक्त एक निळा आणि एक लाल दिवा. काटा चढून काही कारण नसताना झपकन उतरला तर ती आनंदाची गोष्ट नाही. तिथल्या तिथे कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं. पाणी शाबूत असलेली गाडी तापत असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर थोडी मदत करतो. पण पाणीच नसेल तर त्याचाही उपयोग शून्य. आणि गरम झाकण उघडायचं नाही. माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे, तो उस्तादांच्या काळातल्या एका घाईच्या ड्रायव्हरचा प्रसाद. झाकण त्याने उघडलं, मी नुसता शेजारी उभा होतो.

पाइप नवा घालून पाणी भरलं, इंजिन सुरू झालं, पण लंगडत. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. अशा वेळी मी निळं पाणी वापरतो. काचेच्या नळीत निळं रसायन असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर दाबून आतली हवा त्यातून ओढायची. जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. झालं. कॉम्प्रेशन घेतलं, दोन नंबर आणि तीन नंबर, शेजारचे दोन्ही, एकसारखे पडलेले. म्हणजे त्यांच्या मधल्या पट्टीत पॅकिंग जळालं. ऑइलची पट्टी बघितली. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं असतं तर पाणी ऑइलमध्ये गेलं असं समजून बेअरिंगांची काळजी करावी लागली असती. ते मात्र स्वच्छ होतं.

हे सगळं बाईंना सांगताना मी आधी कागदावर तीन आकडे लिहून दिले. हेड उतरवल्यावर फक्त वाकलेलं निघालं तर इतके, तडा असला तर इतके, आणि पिस्टनला ओरखडे असले तर इतके. हेड उतरवायच्या आधी आकडा सांगायला पुष्कळ मेकॅनिक टाळाटाळ करतात. मला उलट वाटतं. उघडलेलं इंजिन टेबलावर पडलं असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बोलणी आधीच झालेली बरी. त्यांनी पहिले दोन आकडे मान्य केले, तिसऱ्याला विचार करीन म्हणाल्या.

ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये बोल्टांनी आवळलेलं. हेड पसरायला बघतं, बोल्ट पसरू देत नाहीत, मग ते वाकतं आणि पॅकिंग चिरडलं जातं. हेड साफ करून त्यावर सरळ पट्टी उभी धरली आणि मधोमध फीलर गेज सरकवला. ०.०५ मिलिमीटरचं पातं अडलं पाहिजे. इथे ०.१५चं आरामात आत गेलं. आकडा ऐकून माणसाला हसू येतं, कागद-दीड कागदाएवढं तर ते. पण सिलिंडरमधला गॅस तेवढ्यातून वाट काढतो.

हेड लेथवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून, आत हवा भरायची सोय आहे. बुडबुडा कुठे येत नाही हे मी उभं राहून बघितलं. तडा नव्हता. मग त्याने तोंड घासून सरळ केलं. किती मारलं तेही विचारून लिहून घेतलं, कारण जास्त मारलं तर पुढच्या वेळी घासायला जागा उरत नाही आणि कॉम्प्रेशनही वाढतं. सिलिंडर बघितले, ओरखडे नव्हते. तिसऱ्या आकड्याची गरज पडली नाही.

बोल्ट नवे घेतले. या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जाणारे, एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. मधल्यापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, आधी टॉर्क पान्याने, मग अंश मोजून पाव वळण, मग पुन्हा पाव. या कामात मी गॅरेजमध्ये रेडिओ बंद करायला लावतो.

पाण्याचं आमच्याकडे वेगळंच आहे. बाईंनी आधी कधी कूलंट घातलं होतं का विचारलं, तर सोसायटीच्या बोअरचं पाणी घालायचा वॉचमन. बोअरच्या जड पाण्याने इंजिनाच्या आत पांढरा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो. कूलंट बर्फापासून वाचवायला असतं असं समजून आपल्याकडे ते टाळतात. पण आपल्याला ते हवं ते गंज थांबवायला आणि पाणी उकळण्याचा आकडा वर न्यायला. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. नुसतं कूलंट ओतणंही चूक, एकट्या ग्लायकॉलला पाण्याइतकी उष्णता उचलता येत नाही. हिरवं, लाल, निळं यांच्या रंगावर जायचं नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि दोन जाती मिसळायच्या नाहीत. आणि ते गोड असतं, विषारी असतं, सांडलेलं कुत्री चाटतात. म्हणून आम्ही लगेच धुऊन टाकतो. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायचा जुना उपाय अजून लोक सांगतात. चालतो तो, घाटातून घरी येण्यापुरता. मग ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, आणि ती काढायला मी पैसे घेतो.

भरताना गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे तोंड सगळ्यात उंच राहतं. हीटर पूर्ण गरमवर. ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करून हवा फसफसत निघेपर्यंत थांबलो, सलग धार आली तसा आवळला. हीटरमधून कडक गरम हवा आली म्हणजे पाणी तिथवर पोचलं. फॅन लागून बंद होईपर्यंत चालू ठेवली, परत लागून बंद होईपर्यंत. रात्रभर प्रेशर टेस्टर लावून ठेवला. सकाळी काटा जिथे होता तिथेच.

बाई गाडी घेऊन गेल्या तेव्हा सांगितलं, उद्या सकाळी इंजिन गार असताना, झाकण न उघडता, नुसती बाटली बघून फोन करा. त्यांचा फोन आला तो घाबरलेलाच. “पाणी दोन बोटं कमी झालंय हो.” राहिलेली हवा पहिल्या फेरीत निघाली की तेवढं उतरतंच. खुणेपर्यंत भरा म्हटलं, आणि आठवडाभर रोज सकाळी बघत जा. पुढच्या फोनवर त्या म्हणाल्या, खुणेवरच आहे, आणि वॉचमनला त्यांनी बोअरच्या पाण्याची बाटली परत नेऊन दिली.